कळंब्याच्या मातीवर कोणती बग्गी?

वाचकाचे पत्र थोडक्यात असे: "मी गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो. आम्ही सात मित्रांनी गारगोटी रस्त्याला, कळंब्याच्या पुढे, एका मित्राच्या पडीक रानात रिमोटच्या गाड्यांसाठी लहानसा ट्रॅक केला आहे. खाली काळी माती आहे, वर मुरूम टाकून रोलर फिरवला आहे, आणि सगळ्यात लांब सरळ भाग साधारण 25 मीटरचा आहे. चौघांकडे टामिया या जपानी कंपनीची डीटी-03 ही मागच्या दोन चाकांवर चालणारी (टू-व्हील ड्राइव्ह) बग्गी आहे, दोघांकडे फोर-व्हील ड्राइव्ह गाड्या आहेत, माझ्याकडे अजून गाडीच नाही. दुकानदार ताशी 80 किलोमीटर धावणारी 1/8 मापाची (खऱ्या गाडीच्या एक-अष्टमांश आकाराची) ब्रशलेस, म्हणजे कार्बन ब्रश नसलेल्या वेगवान मोटरची बग्गी घ्या म्हणतो. पुण्याचा मावसभाऊ टामियाचीच, पुन्हा बाजारात आलेली जुनी हॉर्नेट बग्गी सुचवतो. ऑनलाइन 1/14 मापाची तयार गाडी स्वस्तात दिसते. रविवारी शर्यत आणि इतर दिवशी 11 वर्षांच्या मुलीसोबत सोसायटीच्या आवारात चालवणे, दोन्हीला मिळून मला एकच गाडी हवी आहे. खर्च एकदाच, पण विचार करून करायचा आहे. कोणती घेऊ?" – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर.

सप्रेम नमस्कार.

तुम्ही पत्रात ट्रॅकची माती कशी आहे आणि मित्रांकडे कोणत्या गाड्या आहेत हे दोन्ही लिहिलेत, त्यामुळे माझे काम सोपे झाले आहे. 1/10 मापाची, बॅटरीवर चालणारी, टू-व्हील ड्राइव्ह बग्गी घ्या, आणि त्यातही तुमच्या चार मित्रांकडे जी आहे तीच घ्या. ती साधी वाटते, प्लॅस्टिकची आहे, तिचा वेग दुकानदाराने सांगितलेल्या आकड्याच्या जवळपासही जात नाही, हे सगळे मान्य करून मी हा सल्ला देत आहे.

शर्यत ही सारख्या वेगाच्या गाड्यांमध्येच होते. जागतिक स्पर्धांतसुद्धा 1/10 मापाच्या विद्युत गटाची फेरी पाच मिनिटांची असते, आणि या पाच मिनिटांत जिंकतो तो प्रत्येक लॅप जवळपास सारख्याच वेळेत काढणारा आणि कमीत कमी वेळा उलटणारा. चार गाड्यांना एकाच प्रकारची 540 मापाची मोटर असली की पुढची गाडी वळणावर किंचित बाहेर गेल्याबरोबर मागच्याला आत शिरायला जागा मिळते, आणि ती जागा हेरण्यात या छंदाचा सगळा आनंद साठवलेला आहे. सुरुवातीला मीही सगळ्यांपेक्षा वेगवान गाडी घेतली होती. सरळ भागात मी एकटाच पुढे असायचो, वळणावर एकटाच कडेच्या पाइपांत घुसायचो, आणि सोबतचे तिघे एकमेकांशी झुंजत मजेत पुढे निघून जायचे. तिसऱ्या रविवारी पुढचा सस्पेन्शन आर्म तुटला. ज्या दुकानातून गाडी घेतली होती तिथे तो भाग नव्हता, तो मागवून येईपर्यंत पाच आठवडे गेले, आणि गाडी माळ्यावर धूळ खात पडली. तुमच्या बाबतीत असे झाले तर शेजारच्या टेबलावरच्या मित्राच्या डब्यात तोच आर्म असेल. तुम्ही तो उसना घ्याल आणि पुढची फेरी चालवाल. माझ्या मते एवढे एक कारणसुद्धा पुरेसे आहे.

आता मातीकडे वळू, कारण गाडीची निवड खरे तर मातीच करते. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसून तडकते, हे कोल्हापुरात कोणाला सांगायला नको. तिच्यावर टाकलेला मुरूम पहिले काही आठवडे चांगला बसतो, मग चाकांच्या माराने वरचा बारीक खडा सुटतो आणि वळणांच्या बाहेरच्या बाजूला साचतो. म्हणजे एकाच ट्रॅकवर तुम्हाला दोन प्रकारची पकड मिळते: आतल्या रेषेवर घट्ट आणि बाहेर निसरडी. तालमीतली लाल माती जशी रोज उकरून, पाणी मारून, ताक, तेल, हळद घालून राखावी लागते, तशी नसली तरी याही मातीची मशागत करावी लागते. आदल्या संध्याकाळी हलके पाणी मारून सकाळी रोलर फिरवलात आणि मधल्या वेळेत वळणांबाहेरचा खडा खराट्याने झाडून काढलात, तर अकरा वाजेपर्यंत ट्रॅक एकसारखा राहतो. उन्हे चढली की वरचा थर पुन्हा सुटतो.

अशा सैल पृष्ठभागावर टू-व्हील ड्राइव्ह गाडीची मागची चाके जमिनीवर दाबलेली राहायला हवीत. डीटी-03 मध्ये मोटर मागच्या अॅक्सलच्या मागे बसते, त्यामुळे वजन मागच्या चाकांवर येते आणि सुटलेल्या खड्यावरही गाडी पुढे ढकलली जाते. स्पर्धेच्या महागड्या बग्ग्यांत मोटर अॅक्सलच्या पुढे, गाडीच्या मध्याकडे आणण्याची पद्धत रूढ झाली आहे, ती मुख्यतः कार्पेट, कृत्रिम गवत किंवा चांगल्या बसलेल्या चिकणमातीच्या ट्रॅकसाठी. तिथे पकड भरपूर असते आणि अडचण वळण्याची असते. तुमच्याकडे पकडीचीच वानवा आहे. त्यामुळे परदेशी स्पर्धेत जिंकलेली गाडी कळंब्याच्या मुरुमावर गोल गोल फिरताना दिसली तर आश्चर्य वाटू देऊ नका.

फोर-व्हील ड्राइव्ह चालवायला सोपी असते, ही गोष्ट मी दडवून ठेवणार नाही. चारही चाके ओढत असल्यामुळे वळणातून बाहेर पडताना ती सरळ राहते आणि नवशिक्याला लवकर आत्मविश्वास देते. मात्र तिच्यात पुढेही डिफरेन्शियल असतो, मध्ये शाफ्ट किंवा बेल्ट असतो, बेअरिंगची संख्या वाढते, आणि मुरुमाची धूळ या सगळ्यांत शिरते. रविवारच्या दोन तासांच्या खेळानंतर सोमवारी रात्री किती वेळ सफाईला द्यायची तयारी आहे, हे ज्याचे त्याने ठरवावे. शिवाय टू-व्हील ड्राइव्ह माणसाला थ्रॉटलचे, म्हणजे वेगाच्या ट्रिगरवरचे बोट हलके ठेवायला शिकवते. वळणात ट्रिगर जोरात दाबला की गाडीचे तोंड मागे वळते आणि चूक लगेच कळते. दोन महिन्यांत तुमच्या बोटाला जे वळण लागेल ते पुढे कोणतीही गाडी घेतली तरी उपयोगी पडेल. फोर-व्हील ड्राइव्हवाल्या दोन मित्रांनी आपली फेरी वेगळी ठेवावी. एकाच फेरीत दोन्ही प्रकार सोडले की वाद आणि मोडतोड दोन्ही वाढतात.

दुकानदाराने सुचवलेल्या 1/8 मापाच्या बग्गीचे गणित तुमच्यासारख्या मोजमापात मुरलेल्या माणसाला मी वेगळे काय सांगावे. ताशी 80 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 22 मीटरहून थोडे अधिक. तुमचा 25 मीटरचा सरळ भाग त्या वेगाने सेकंदाहून थोड्याच अधिक वेळात संपतो, म्हणजे तो वेग तुमच्या ट्रॅकवर कधी गाठताच येणार नाही. या मापाच्या स्पर्धेच्या बग्ग्या तीन किलोहून जड असतात. एवढे वजन सोसायटीच्या आवारात निम्म्या वेगानेही एखाद्या मुलाच्या नडगीवर आदळले तर हाड मोडू शकते. मुलीसोबत चालवायची गाडी म्हणून तिचा विचारच करू नका. याच मापाच्या, इंधनावर चालणाऱ्या नायट्रो गाड्यांना नायट्रोमिथेन, मिथेनॉल आणि तेल यांचे खास मिश्रण लागते, ते मिळवणे आणि घरात साठवणे कटकटीचे असते, आणि 3.5 सीसीच्या त्या इंजिनाचा आवाज शेजाऱ्यांना दुसऱ्या दिवशीही सहन होणार नाही.

मावसभावाच्या हॉर्नेटबद्दल मात्र मला मनापासून जिव्हाळा आहे. ती पहिल्यांदा 1984 साली आली. त्याच वर्षी अमेरिकेत टीम असोसिएटेडने आरसी10 आणली आणि बग्गीच्या शर्यतीचे रूपच बदलले. हॉर्नेट दिसायला देखणी आहे, बांधायला सोपी आहे आणि मार खाऊनही चालत राहते. पण तिची मागची गिअरपेटी आणि दोन्ही चाके मिळून एकच अखंड तुकडा वर-खाली होतो, त्यामुळे खडबडीत जागी तिचा मागचा भाग चेंडूसारखा उसळतो. मोकळ्या मैदानात ते पाहायला मजा येते, ट्रॅकवर मात्र प्रत्येक खड्ड्यानंतर ती कोणत्या दिशेला उतरेल याचा भरवसा राहत नाही. मावसभाऊ हौसेने घेत असेल तर जरूर घेऊ द्या. तुमच्या रविवारसाठी ती नाही.

1/14 मापाच्या तयार फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांचा मी अवमान करणार नाही. त्या किमतीच्या मानाने वेगवान असतात आणि सुटे भागही मिळतात. पण लहान चाकांना तुमचा मुरूम मोठा पडतो, आणि त्या मापाची दुसरी गाडी तुमच्या गटात नाही. पुढे मागे मुलीसाठी स्वतंत्र गाडी घ्यायची झाली तर तेव्हा तिचा विचार करा.

गाडी किट स्वरूपात घ्या, म्हणजे स्वतः जोडायची. तीन-चार संध्याकाळी जातील, पण ट्रॅकवर काही तुटले तर तो भाग कुठे बसतो आणि कोणत्या स्क्रूने सुटतो हे तुमच्या हातांना माहीत असेल. मुलीलाही सोबत बसवा. पिशव्यांतले भाग मोजून ताटलीत काढून देण्याचे काम 11 वर्षांचे मूल फार नेटाने करते. एक गोष्ट मात्र सुरुवातीपासून पाळा. या किटमध्ये बरेचसे स्क्रू थेट प्लॅस्टिकमध्ये आटे पाडत जातात. एकदा काढलेला स्क्रू परत लावताना तो आधी उलट दिशेला हळूच फिरवा. जुना आटा जिथे सुरू होतो तिथे बोटांना एक बारीकसा 'टक्' जाणवतो, आणि त्यानंतरच सुलट पिळा. हे न करता दाबून पिळलात तर प्रत्येक वेळी नवा आटा पडतो आणि चौथ्या-पाचव्या वेळेला भोक सैल होऊन स्क्रू नुसताच फिरत राहतो. टामियाचे स्क्रू जपानी पद्धतीच्या फुलीचे असतात. आपल्याकडचा साधा फुलीचा पेचकस त्यात नीट बसत नाही आणि खाच खातो, म्हणून त्या मापाचा एक चांगला पेचकस पहिल्याच दिवशी घ्या.

अशा प्राथमिक किटमध्ये चाकांच्या आणि गिअरच्या जागी बहुतेक ठिकाणी बेअरिंगऐवजी प्लॅस्टिकचे बुश (साध्या कड्या) येतात. धुळीत ते महिना-दोन महिन्यांत झिजतात, चाक डुगडुगायला लागते आणि मोटरवर विनाकारण ताण येतो. जोडतानाच सगळीकडे बेअरिंग बसवा. यासाठी परदेशातून काही मागवण्याची गरज नाही. बहुतेक जागी लागणारे माप आत 5 मिमी, बाहेर 11 मिमी, जाडी 4 मिमी असे आहे, आणि बेअरिंगच्या दुकानात ते एमआर115 या क्रमांकाने मिळते. क्रमांक न सांगता नुसते 'पाच-अकराचे' मागितले तर 685 हातात पडण्याची शक्यता असते. त्याची जाडी वेगळी असल्याने ते नीट बसणार नाही. तुमच्याकडे व्हर्नियर असणारच, प्रत्येक बुश मोजून यादी करा आणि मगच दुकानात जा. दोन्ही बाजूंना रबरी सील असलेली घ्या. पत्र्याच्या सीलमधून मुरुमाची भुकटी आत जाते.

बाकीचा पैसा कुठे घालायचा याबद्दल माझे मत ठाम आहे: रिमोट, टायर, चार्जर, याच क्रमाने, आणि मोटरला सर्वांत शेवटी. बहुतेक किटमध्ये रिमोट, सर्व्हो (चाके वळवणारी छोटी मोटर), बॅटरी आणि चार्जर नसतात, त्यामुळे खोक्यावरची किंमत हाच एकूण खर्च समजू नका. 2.4 गिगाहर्ट्झचा पिस्तुलाच्या आकाराचा रिमोट घ्या. जुन्या रिमोटसारखी एकमेकांच्या लहरींची (क्रिस्टलची) टक्कर त्यात होत नाही, आणि सातही जण एकाच वेळी चालवू शकतात. त्यात दोन सोयी असल्याच पाहिजेत. एक, थ्रॉटल आणि स्टिअरिंगची कमाल मर्यादा ठरवता येणे, आणि दुसरी, संपर्क तुटला तर गाडी आपोआप थांबणे, म्हणजे फेलसेफ. पहिल्या सोयीमुळे मुलीच्या हातात रिमोट देताना थ्रॉटल निम्म्यावर बांधता येतो, म्हणजे तिने घाबरून ट्रिगर पूर्ण दाबला तरी गाडी पूर्ण वेगाने सुटत नाही. हीच एकच गाडी दोन्ही कामांना वापरण्याची तुमची अडचण बऱ्याच अंशी इथेच सुटते. सवय म्हणून आधी रिमोट चालू करायचा आणि मग गाडी, बंद करताना आधी गाडी आणि मग रिमोट. हा क्रम मुलीलाही पहिल्याच दिवशी शिकवा.

दोन्ही कामांचा उरलेला प्रश्न टायरचा आहे. मुरुमावर बारीक, दाट काट्यांचे मऊ टायर लागतात. तेच टायर सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर किंवा डांबरावर चालवलेत तर दोन-तीन संध्याकाळीत काटे घासून जातील आणि रविवारी गाडी साबणावर चालल्यासारखी घसरेल. म्हणून रिमसकट दुसरा एक संच ठेवा, त्यावर किटमधलेच कडक टायर असू द्या, आणि घराच्या आवारात तेवढेच वापरा. चाके बदलायला एक नट आणि दोन मिनिटे लागतात. मागच्या चाकांना 12 मिमीचा षटकोनी हब लागतो, त्या मापाचे रिम अनेक कंपन्यांचे मिळतात. पुढच्या चाकांची बसवण निराळी असते, तेव्हा ते घेताना किटच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहा. टायर रिमला पातळ इन्स्टंट ग्लूने चिकटवावे लागतात. कडेला बोटाने किंचित फाकवून एकेक थेंब सोडायचा, चार ठिकाणी धरून थांबायचे, मग उरलेली कड भरायची. घाईत बाटली दाबलीत तर ग्लू टायरच्या काट्यांवर येतो आणि तिथली पकड कायमची जाते.

बॅटरीबाबत तुम्ही सातही जणांनी आधी एकमत करा. 7.2 व्होल्टची निकेल मेटल हायड्राइड आणि 7.4 व्होल्टची दोन सेलची लायपो (लिथियम पॉलिमर) यांच्यात कागदावर फरक थोडा दिसतो, पण लायपो लोड आल्यावर व्होल्टेज टिकवून धरते, त्यामुळे एकाकडे लायपो आणि दुसऱ्याकडे निकेल असेल तर मोटर सारखी असूनही शर्यत सारखी राहत नाही. माझे मत लायपोच्या बाजूने आहे, पण ती शिस्त मागते. कडक प्लॅस्टिकच्या कवचातली घ्या, स्पीड कंट्रोलरमध्ये (मोटरला वीज कमी-जास्त देणाऱ्या भागात) लायपोसाठीचे कटऑफ, म्हणजे बॅटरी फार उतरण्याआधी मोटर थांबवण्याची सोय आहे का आणि ते चालू केले आहे का हे पाहा, आणि सगळे सेल सारखे भरणाऱ्या बॅलन्स चार्जरशिवाय ती कधीही चार्ज करू नका. प्रत्येक सेल 4.2 व्होल्टला पूर्ण भरतो आणि 3 व्होल्टच्या खाली गेला की बिघडतो. 5000 मिलिअँपिअर-तासाची बॅटरी 5 अँपिअरवर चार्ज करायची, त्याला साधारण तासभर लागतो, आणि तो तासभर तुम्ही घरात, जागे, आणि त्याच खोलीत असले पाहिजे. चार्ज करताना बॅटरी फरशीवर, मातीच्या रुंद कुंडीत ठेवा. गादी, सोफा, लाकडी कपाट यांच्यापासून ती दूर असू द्या. मी एकदा रविवारी पाऊस आल्यामुळे न चाललेली, पूर्ण भरलेली बॅटरी तशीच ठेवून दिली होती. दोन महिन्यांनी काढली तेव्हा तिचे कवच फुगून फटीतून उसवले होते. आठवडाभर चालवायची नसेल तर प्रत्येक सेल 3.8 व्होल्टच्या आसपास आणून ठेवायचा. बऱ्याच चार्जरमध्ये 'स्टोरेज' नावाची सोय यासाठीच असते. फुगलेली बॅटरी टोचू नये, पुन्हा चार्ज करू नये आणि कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. ती ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावी.

शॉकमध्ये तेल आहे की नुसती स्प्रिंग हे किट उघडल्यावर पाहा. नुसती स्प्रिंग असेल तर सुधारणेचा पुढचा पैसा तेलाच्या शॉकवर खर्च करा, कारण सुटलेल्या मुरुमावर चाक जमिनीला चिकटून राहणे त्यावरच अवलंबून असते. तपासण्याची रीत सोपी आहे. बॅटरीसकट गाडी वीतभर उंचीवरून सपाट फरशीवर सोडायची. ती खाली दबून एका दमात वर आली आणि स्थिर झाली तर ठीक. दोनदा उसळली तर तेल पातळ आहे, चेसिस फरशीला जोरात आपटली तरीही तेल पातळ किंवा स्प्रिंग नरम आहे, आणि दबून तशीच बसली तर तेल घट्ट आहे. सिलिकॉन तेल उन्हात पातळ होते, म्हणून जानेवारीत सकाळी छान चाललेली गाडी एप्रिलमध्ये उसळायला लागते. त्या वेळी एक पायरी घट्ट तेल भरा.

उन्हाळ्यात मोटरचेही तापमान पाहत जा. फेरी संपल्याबरोबर मोजा आणि 70 अंश सेल्सिअसच्या आत ठेवा. कपाळाचा ताप पाहणारी, घरोघरी पडून असलेली थर्मामीटर पिस्तुले यासाठी चालत नाहीत, ताप मोजताना ती साधारण 43 अंशांच्या पुढे दाखवत नाहीत. कारखान्यात वापरतात तसे औद्योगिक इन्फ्रारेड थर्मामीटर लागते, आणि ते तुमच्या विभागात बहुधा असेलच. मोटर सारखी तापत असेल तर आधी हाताने चाक फिरवून गिअर मोकळे फिरतात का ते पाहा. बहुतेक वेळा दोष एखाद्या अडकलेल्या बेअरिंगचा किंवा अॅक्सलला गुंडाळलेल्या गवताच्या काडीचा असतो.

सुट्या भागांची थोडी साठवण आधीच करा: पुढचे दोन आर्म, स्टिअरिंगचे नकल (पुढचे चाक ज्यावर वळते तो भाग), सर्व्होला धक्क्यापासून वाचवणारा एक सेव्हर, बॉडी पिन. आयात खेळण्यांवरचे सीमाशुल्क 2020 साली 20 टक्क्यांवरून 60 टक्के आणि 2023 साली 70 टक्के झाले, त्यामुळे परदेशातून परस्पर मागवलेला स्वस्त भाग दारात येईपर्यंत स्वस्त राहीलच असे नाही. घरपोच किंमत किती ते आधी विचारा, आणि शक्यतो सातही जणांची मिळून एकच मागणी पाठवा. धातूच्या साध्या भागांसाठी तर तुम्हाला कुठे जावेच लागणार नाही. सस्पेन्शनच्या आर्मची वाकलेली पिन नमुना म्हणून उद्यमनगरातल्या कोणत्याही चांगल्या लेथवाल्याला दाखवलीत तर तो त्याच व्यासाच्या पोलादी सळीची पिन, वर सर्क्लिपची खाच पाडून, हातावर ठेवेल. या गावाला असे हात लाभले आहेत, त्यांचा उपयोग करून घ्या.

जून ते सप्टेंबर तुमचा ट्रॅक बंदच राहील. ओल्या काळ्या मातीवर गाडी चालवण्याचा मोह टाळा. ती चाकांना लिंपते, गिअरपेटीवर थापली जाते आणि वाळल्यावर दगडासारखी होते. चार महिने मुलीसोबत पार्किंगमध्ये किंवा गच्चीवर, रिकाम्या बाटल्या मांडून वळणे घेण्याचा सराव करा. तो सराव दसऱ्यानंतर ट्रॅकवर दिसेल. दर रविवारच्या खेळानंतर गाडी पाण्याने धुऊ नका, सुक्या रंगाच्या ब्रशने झाडा आणि बेअरिंगवर तेलाचा अगदी एक थेंब सोडा. जास्त तेलाला धूळच अधिक चिकटते.

वर्षभराने तुमच्या गटाला वेग वाढवावासा वाटला तर सगळ्यांनी मिळून सेन्सर असलेल्या 17.5 टर्नच्या (तारेच्या वेढ्यांच्या) ब्रशलेस मोटरकडे आणि स्पर्धेच्या किटकडे जा, एकट्याने जाऊ नका. मोटरच्या बाबतीत टर्न जितके कमी तितका वेग जास्त, म्हणून 17.5 हा आकडा 10.5 पेक्षा मवाळ आहे, हे दुकानात गेल्यावर लक्षात असू द्या. तेव्हा तुमची आजची गाडी विकू नका, ती मुलीची होईल.

पहिल्या रविवारी बॅटरी भरून नेल्यावर लगेच फेरीत उतरू नका. आधी अर्ध्या थ्रॉटलवर एकट्याने वीसेक लॅप मारा, थांबून चारही चाकांचे नट, पिनियनचा (मोटरवरच्या लहान गिअरचा) स्क्रू आणि स्टिअरिंगच्या बॉलचे स्क्रू तपासा. नव्या गाडीत यांतला एखादा तरी ढिला झालेला असतोच. तो घट्ट केलात की मित्रांना हाक मारा.